वीस पावलं

नत्थुजी वस्तादांनी काठीचं टोक खुशालरावांच्या डाव्या खांद्यावर टेकवलं आणि खांदा खाली दाबला.

"हा वर काहून जाते?"

कामठ्याची, म्हणजे बांबूच्या धनुष्याची, तात खुशालरावांनी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढलेली होती, आणि कामठ्यावर तीर नव्हताच. सव्वीस दिवस झाले, वस्तादांनी तीर हाती दिला नव्हता. रोज पहाटे यायचं, रिकामा कामठा ओढायचा, दहा श्वास तसाच धरायचा आणि तात न सोडता हळूहळू परत जागेवर आणायची. असं पन्नास वेळा.

"आणा वापस."

तात परत आणताना खांदा पुन्हा कानाशी गेला. मागं उभ्या असलेल्या पाच गड्यांपैकी कोणीतरी खाकरलं. पाचही जण खुशालरावांच्या निम्म्या वयाचे, आणि पाचांचेही तीर समोरच्या मातीच्या ढिगावर, चुन्याच्या ठिपक्यात जाऊन बसत. अमरावतीच्या बाजारात खुशालराव पाटलांच्या गाड्या लागल्या की दलाल गादीवरून उठून उभे राहत. इथं मात्र बेचाळीस वर्षांचा हा बाप्या धुळाक्षरं गिरवत होता, आणि त्याचे कान तापले होते. उन्हानं नव्हे, ऊन अजून आलंच नव्हतं.

"सोडाले कोणालेबी येते," वस्ताद म्हणाले. "हात थकला का सुटतेच ते. वापस आणता आली पायजे. आन् वापस आणताना खांदा जाग्यावर राह्यला पायजे. पुन्हा."

खुशालरावांनी पुन्हा ओढली. पाठीला काहीतरी ओलं घासलं. पऱ्हाटीचं पान होतं. मैदानाची रेघ आणि खुशालरावांच्या कापसाचं शेत यांच्यात आता वीतभरही जागा उरली नव्हती. रोज पहाटे ते उभे राहत तेव्हा त्यांची स्वतःची पऱ्हाटी त्यांच्या पाठीला टोचत असे, आणि त्याबद्दल या मैदानावर आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

बोरखेडीचा दसरा म्हणजे पाटलाचा तीर. शिवेवरच्या आपट्याला गुरव कोहळा टांगतो. मारुतीच्या देवळात वर्षभर आढ्याला अडकवलेला अंबाडीचा दोर खाली निघतो, त्यानं साठ पावलं मोजली जातात, आणि तिथून पाटील एकच तीर मारतो. कोहळा फुटला की गाव शीव ओलांडतं आणि सोनं लुटतं. नाही फुटला तर गुरव तो कोयत्यानं फोडतो. सोनं तेव्हाही लुटतात, पण नवरदेव रुसलेल्या लग्नात जेवल्यासारखं. आणि एका घराचा तीर लागोपाठ दोन दसरे चुकला, तर मान त्या घरातून उठून भाऊबंदांत पुढच्या घरी जातो.

खुशालरावांचे वडील किसनराव पाटील यांनी तीस दसरे कोहळा फोडला होता. गेल्या दसऱ्याला ते नव्हते. खुशालरावांना लहानपणापासून नाद होता तो बैलांच्या शर्यतीचा. कामठा त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच गावासमोर हातात धरला. तीर सुटला तो कोहळ्याकडे नाही, थेट वाजंत्र्यांकडे. सनईवाला सनई टाकून पळाला, डफवाला डफाआड बसला. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून गाय भलत्या वाटेला लागो, की भाकर तव्यावरून चुलीत पडो, बोरखेडीत एकच बोल ऐकू येऊ लागला: "गेला खुशालरावाचा तीर!" सुभद्राबाईंनी तो विहिरीवर ऐकला. खुशालरावांनी स्वतःच्याच गोठ्यात, स्वतःच्याच सालदारांच्या तोंडून ऐकला, आणि ऐकलं नाही असं दाखवून ते परत फिरले.

यंदा तीर चुकला तर मान चुलतभावाकडे, जानरावाकडे जाणार होता. शिकायला हवं होतं, आणि शिकवणारा गावात एकच. नत्थुजींचे वडील गाविलगडावर तिरंदाज होते. बंडाच्या सालानंतर सरकारनं गावोगावच्या तलवारी जमा केल्या, पण नत्थुजींच्या बांबूच्या कामठ्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, म्हणून मैदान चालू राहिलं. खुद्द किसनराव तिथंच शिकले होते. खुशालरावांनी जायचं एवढंच बाकी होतं. पण जायचं तर कोणत्या तोंडानं?

मैदान ओढ्याकाठी होतं. ओढ्याच्या दरडीशी मातीचा ढीग, आणि त्याच्यापासून बरोबर साठ पावलांवर कमरेएवढा उभा दगड. दसऱ्याला त्याला शेंदूर लागायचा. त्या दगडाला पाठ लावून तीर मारायचा, अशी जुनी रीत. मैदानाला लागून पाटलांचं शेत. चार वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला. लोकांनी ज्वारी मोडून पऱ्हाटी लावली, गुरांची कुरणं मोडली, पाणंदीच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. पहिल्या वर्षी खुशालरावांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून पुंजाराम सालदाराला हातानं दाखवलं, "नांगराचे अजून दोन तास तिकडं घे. पडीकच तं हाये." दुसऱ्या वर्षी सांगावंही लागलं नाही. तिसऱ्या वर्षी उभा दगड पऱ्हाटीत पार दिसेनासा झाला. वस्तादांनी भांडण केलं नाही, चावडीवर आले नाहीत. दरसाल ते फक्त आपली रेघ ढिगाच्या दिशेनं थोडी पुढं ओढत राहिले.

भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं.

आषाढ सरता सरता खुशालराव वस्तादांच्या दारात जाऊन उभे राहिले होते. चोराच्या मनात चांदणं, तसे ते मैदानाचा विषय निघायच्या आधीच घाईघाईनं दसऱ्याचं बोलले, वडिलांचं बोलले, गुरुदक्षिणा काय ती सांगा म्हणाले. वस्ताद कामठ्याला तेल चोळत होते.

"उद्या पहाटे या," एवढंच ते म्हणाले.

चाळीस दिवस झाल्यावर वस्तादांनी तीर हातात दिला.

तोवर खांदा खाली राहायला शिकला होता. पाय कुठं, कोपर कुठं, हनुवटी कुठं, हे आता सांगावं लागत नव्हतं. पहिला तीर ढिगाच्या कडेला लागला. दुसरा त्याच्या आत. खुशालरावांची एक खोड मात्र जाईना: तात सुटायच्या आतच मान वर करून तीर कुठं जातो हे ते पाहायचे.

"कोणाले पाहून राह्यले?" वस्तादांनी विचारलं.

"तिराले."

"नाई. लोकं हासले का काय, ते पाहून राह्यले तुमी. तीर गेल्यावर पाहा. आधी पाहून का होते?"

खुशालरावांना वाटलं, कामठा तिथंच टाकावा आणि घरचा रस्ता धरावा. म्हाताऱ्यानं अगदी मर्मावर बोट ठेवलं होतं. पण गेले नाहीत ते. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, आणि भादवा संपता संपता त्यांचे दहांतले आठ तीर ठिपक्यात बसू लागले. मग नऊ. एका सकाळी दहाच्या दहा. सुताराचा भगवान आपणहून ढिगापर्यंत गेला, तीर उपसून आणले आणि ते देताना पहिल्यांदाच खुशालरावांकडे बरोबरीच्या माणसासारखा हसला. त्या हसण्यानं खुशालरावांना जो आनंद झाला तो कापसाच्या सबंध हंगामात झाला नव्हता.

गडी गेल्यावर वस्तादांनी त्यांना थांबवलं.

"पाटील, हात तयार झाला. पण हे चाळीस पावलं हायेत."

खुशालराव तिराचं पीस बोटानं सारखं करत राहिले.

"दसऱ्याले साठ," वस्ताद पुढं म्हणाले. "वीस पावलांचा फरक मंजे हात कुठी धरायचा तेच बदलते. चाळीसच्या सवयीनं साठवर मारला तं तीर आधीच पडन."

"मंग?"

"मंग मांगं सरा लागन." वस्तादांनी काठीनं खुशालरावांच्या मागं दाखवलं. पऱ्हाटी छातीला लागली होती. बोंडं टपोरी धरली होती, काही तडकूही लागली होती. मधे कुठंतरी तो दगड होता. "सबन पऱ्हाटी नोका काढू. दोन हात रुंद गल्ली करा दगडापर्यंत. दसऱ्याले दहा दिस हायेत, तेवढ्यात होते."

हे बोलताना त्यांच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. घरात दिवा कुठं ठेवायचा हे सांगावं तितक्या साधेपणानं त्यांनी सांगितलं. खुशालरावांना ते जास्त लागलं.

"पाहू," ते म्हणाले.

दुसरीकडे कुठं सराव करावा, तर शिवारात साठ पावलं मोकळी जमीन उरली होती कुठं? सगळीकडे पऱ्हाटीच पऱ्हाटी. शिवेवरच्या आपट्याखाली दसऱ्याआधी कामठा ओढायचा नाही, ही रीत. आणि गाडीवाटेवर मारायचा तर येणाऱ्याजाणाऱ्यांचा तमाशा.

घरी जेवताना त्यांनी सुभद्राबाईंना सांगितलं. सुभद्राबाई तुकडा तोडल्यासारखं बोलायच्या, आणि बोलताना त्यांचा वाढणारा हात थांबत नसे.

"उपटा ना मंग. चार झाडं गेली तं घर बुडते का?"

"झाडाचं नाई वो. तथीच सगळ्यात आधी बोंडं फुटून राह्यले. नवी जमीन हाये."

"कोणाची जमीन?"

खुशालरावांनी घास तसाच ठेवला.

"लोकं पाहतीन," ते म्हणाले. "पाटलानं आपल्या हातानं पऱ्हाटी उपटली मंजे ते मैदान घेतलं होतं, असंच होते ना ते."

"अवो, लोकाइले का माईत नाई?" सुभद्राबाई म्हणाल्या आणि ताटात आणखी वरण वाढलं. "माहेबी डोळे हायेत. मी दरसाल तथी सीतादही करतो, कापूस येचाच्या आधी दहीभात ठेवतो. दगड दिसते मले. शेंदूर दिसते. म्या कोणाले इचारलं नाई, एवढंच."

त्या रात्री त्यांचं पोट भरलं नाही. गावाला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या हातानं कबूल करणं वेगळं. चार वर्षं जे झाकलं ते दहा दिवसांत उघडं करायचं, आणि तेही कशासाठी, तर एका कोहळ्यासाठी.

दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गोठ्यात गेले. पुंजाराम बैलांची शिंगं रंगवत होता. हा त्यांच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचा सालदार. दसऱ्याला गुरव आपट्याशी दोराचं एक टोक धरतो आणि दुसरं टोक पाटलाच्या घरचा माणूस ताणत आणतो. ते काम वीस वर्षं पुंजारामचं होतं.

"पुंजाराम," खुशालराव बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "दोराचं टोक यंदाबी तुह्याच हाती राह्यन ना?"

"व्हय, मालक."

"दोर लय जुना झाला. दरसाल ताणून ताणून लांबला असन."

पुंजारामचा रंगाचा बोळा शिंगावर थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. बैलानं शेपटी झटकली, रंगाचे दोन थेंब खाली पडले, ते त्यानं पायानं पुसले.

"लांबला असन, मालक," अखेर तो म्हणाला.

एवढंच. खोटं असं कोणीच काही बोललं नव्हतं. तरी गोठ्यातून बाहेर पडताना खुशालरावांचं कपाळ चौकटीला आपटलं. त्याच गोठ्यात ते जन्मभर वाकून ये-जा करत आले होते.

दसऱ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गाव शिवेवर जमलं. नव्या पागोट्यांना तोटा नव्हता. त्या चार वर्षांत बोरखेडीत अंगावर जुनं कापड शोधून सापडलं नसतं. वाजंत्री आपट्यापासून चांगले लांब, बाभळीच्या आड उभे होते. लोक त्याकडे बोट दाखवून हसत होते, आणि खुशालरावही हसल्यासारखं करत होते. जानराव पुढच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. माणूस वाईट नव्हता तो. मान मिळाला तर नको म्हणणार नव्हता, इतकंच.

गुरवानं कोहळा टांगला आणि दोराचं टोक बुंध्याशी धरलं. पुंजाराम दोर सोडत निघाला. चालता चालता त्यानं दोर हातावर घेतला, वेढ्यावर वेढे देत मुठीपासून कोपरापर्यंत गुंडाळत नेला, पकड घट्ट करतो आहे असा, आणि गाडीवाटेच्या अलीकडे थांबला. पायानं रेघ ओढली.

दरसाल रेघ गाडीवाटेच्या पलीकडे पडायची. हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक होतं, बायकांना ठाऊक होतं, कडेवरची पोरं सोडली तर सगळ्यांना ठाऊक होतं. दोनचार जणांनी एकमेकांकडे पाहिलंही. कोणी बोललं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर पाटलाच्या माणसाची. खुशालरावांना वाटलं होतं, आपली चोरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. ती सगळ्यांच्या ध्यानात आली होती आणि सगळ्यांनी ती त्यांना नजराणा दिल्यासारखी देऊन टाकली होती.

ते रेघेवर उभे राहिले. पाय आपोआप जागी गेले. समोरचा कोहळा मैदानावरच्या ठिपक्याइतकाच जवळ दिसत होता. त्यांनी तीर लावला आणि तात ओढली.

ओठाचा कोपरा. कोपर वर. खांदा खाली. वारा नव्हता. तीर लागणार होता. त्याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. तसा विश्वास त्यांना आयुष्यात कापसाच्या भावाचाही कधी वाटला नव्हता. गर्दीत डाव्या हाताला वस्ताद उभे होते. दोन महिने ज्या नजरेनं त्यांचा खांदा पाहिला होता, ती नजर या घडीलाही खांद्यावर असणार, असं खुशालरावांना वाटलं, आणि तीर सुटायच्या आधी पाहायचं नाही हे विसरून त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

वस्ताद खाली मातीकडे पाहत होते.

ते रागानं पाहत असते तर खुशालरावांनी तीर सोडला असता. म्हाताऱ्याला आपल्या शिष्याचा तीर पाहायची लाज वाटत होती.

एक श्वास. दुसरा. तिसरा. लोक वाट पाहत होते. सातवा. दहाव्याला खुशालरावांनी तात परत आणायला सुरुवात केली. बोटभर, आणखी बोटभर, घाई न करता, पन्नास वेळा रोज केलं होतं तशी. तात जागेवर आली तेव्हा गर्दीत एकच कुजबुज उठली.

"का झालं, मालक?" पुंजाराम पुढं आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खुशालरावांनी कामठा खाली केला. आवाज फुटला तो गरजेपेक्षा मोठा.

"दोर म्या दुमडाले सांगतला. पुंजारामची चूक नाई. माहीच हाये." मग हलक्या आवाजात, "सोड, पुंजाराम. मी मांगं जातो."

आणि ते कोहळ्याकडे तोंड ठेवूनच मागं चालू लागले. पुंजाराम सोबत चालला. त्याच्या मुठीतून दोराचा एकेक वेढा सुटत गेला आणि तो सबंध गावानं पाहिला. गाडीवाट आली, ओलांडली. वीस पावलं चालायला काय लागतं? पण खुशालरावांना ती जन्मभराएवढी वाटली. दोर ताणला तिथं ते थांबले. कोहळा आता मुठीएवढा दिसत होता. मैदान पुरं असतं, तर दोन महिने तो असाच दिसला असता.

त्यांनी ओढली, आणि सोडली, आणि तीर गेल्यावरच पाहिलं.

तीर सरळ गेला. रेषेत गेला. आणि वस्तादांनी सांगितलं होतं तसा आधीच पडला, आपट्याच्या चार हात अलीकडे, मातीत.

"गेला खुशालरावाचा–" मागं कोणीतरी सवयीनं म्हणालं आणि अर्ध्यावर थांबलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

गुरवानं कोयत्यानं कोहळा फोडला. खुशालरावांनी पुढं होऊन कामठा जानरावाच्या हातात दिला. जानरावानं तो दुसऱ्याचं रडतं पोर घ्यावं तसा घेतला.

"पाटील, मले तं येत नाई हे," तो पुटपुटला.

"मलेबी येत नोतं," खुशालराव म्हणाले.

सोनं लुटून लोक एकमेकांना भेटू लागले. खुशालराव आपट्याची पानं मुठीत धरून वस्तादांसमोर गेले, पानं दिली आणि पायाशी वाकले. वर पाहायचा धीर त्यांना होईना. वाकलेल्यातच थोडे जास्त रेंगाळले.

"वापस आणली तवा खांदा जाग्यावर होता," वस्ताद म्हणाले.

"तीर पोचला नाई, वस्ताद."

"नाई पोचला."

खोटी समजूत त्यांनी घातली नाही. खुशालराव उभे राहिले. डोळे भरून आले होते ते त्यांनी पागोट्याच्या टोकानं पुसले, धूळ गेल्यासारखे.

"उद्या मी मैदानावर येत नाई. पऱ्हाटी उपटाची हाये."

वस्तादांनी क्षणभर विचार केला.

"बोंडं फुटली हायेत. कष्टाचं हाये ते, मातीत काहून घालतं? सुभद्रेले आधी सीतादही करू दे. येचून घे. मंग उपट."

लहानपणी वस्ताद त्यांना अशीच एकेरी हाक मारत. पाटील झाल्यापासून कधी मारली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी उभ्या दगडापाशीच दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि पाच बायकांनी तेवढ्याच पट्ट्यातला फुटलेला कापूस ओटीत वेचला. मग पुंजाराम देवळातला दोर घेऊन आला. एक टोक ढिगाशी भगवान सुतारानं धरलं. दुसरं टोक घेऊन पुंजाराम पऱ्हाटीतून दगडाच्या दिशेनं निघाला. वस्ताद ढिगावर बसून पाहत होते.

दोर दगडाशी येऊन ताठ झाला. बरोबर साठ.

खुशालराव दगडाजवळ उभे होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, कपाळाला आठीसुद्धा घातली नव्हती. तरी पुंजाराम त्यांच्याकडे वळला. दोराचं टोक त्यानं पायाखाली दाबलं आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर उघडे करून दाखवले. तळवे रिकामे होते.

खुशालरावांनी मान खाली घातली. मग ते वाकले आणि पहिलं झाड त्यांनी बुडाशी धरलं.